बँकॉकला जावं ते एप्रिलात

बँकॉकला कधी जावं, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ट्रॅव्हल कंपन्या हेच सांगतात, जाऊन आलेले नातेवाईकही हेच सांगतात, आणि त्यामागचं कारण खोटं नाही. त्या काळात पाऊस थांबलेला असतो, हवेतला दमटपणा कमी झालेला असतो, सकाळ-संध्याकाळ पायी हिंडता येतं. मार्च लागला की ऊन चढू लागतं आणि एप्रिलात ते वर्षातला कळस गाठतं. दुपारी सरासरी ३५-३६ अंश, रात्री उतरून उतरून २७ च्या आसपास, आणि वर अंगाला चिकटणारी दमट हवा. त्यामुळे कुणी मार्च-एप्रिलात बँकॉकचा बेत करतंय म्हटलं की चार जण त्याला थांबवायला बघतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. बँकॉक समजून घ्यायचं असेल तर एप्रिलातच जावं, आणि तेही महिन्याचा मध्य धरून. काहीतरी वेगळं सांगायचं म्हणून मी हे सांगत नाही. एखाद्या शहरात कधी जायचं हे आपल्या अंगाला काय मानवतं यावरून ठरवायचं, की त्या शहराचं वर्ष कुठे सुरू होतं आणि कुठे भरात येतं यावरून, असा हा प्रश्न आहे. बँकॉकपुरता तरी दुसरा रस्ता धरावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी वसंताचं बघू. पर्यटनाच्या जाहिरातींतला वसंत म्हणजे वितळणारा बर्फ, चेरीचा बहर आणि अंगात हलका स्वेटर. हा युरोप-जपानचा वसंत झाला. बँकॉक विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम पावणेचौदा अंशांवर आहे. तिथे वर्षाचे ऋतू तीनच धरतात : फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उन्हाळा, तिथून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाळा आणि उरलेला हिवाळा. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपलं पंचांग चैत्र-वैशाखाला वसंत म्हणतं, पण त्याच दिवसांत आपण माठ भरतो आणि गच्चीवर वाळवणं घालतो. पालवी कोवळी, कैऱ्या भरात आणि डोक्यावर रणरणतं ऊन, हा वसंत आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बँकॉकचा वसंतही याच जातीचा, फक्त थोडा लवकर येणारा आणि अधिक दमट. झाडंसुद्धा ओळखीची. थायलंडचं राष्ट्रीय फूल म्हणजे आपला बहावा; त्याचे पिवळे घोस ऐन उन्हाळ्यात लोंबतात. महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेला ताम्हण आणि त्याचे भाऊबंदही तिथे याच दिवसांत जांभळे होतात. फेब्रुवारीत परतलेल्या पाहुण्याला ही झाडं नुसती हिरवी दिसलेली असतात. आंब्याचंही तसंच. नाम दोक माय या जातीचा लांबट, नितळ पिवळा आंबा तिथे वर्षाचे बरेच महिने मिळतो, पण नारळाच्या दुधात मुरलेल्या चिकट भातासोबत तो खायचा खरा मोसम एप्रिल-मे.

या सगळ्याच्या मागे सूर्य आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. बँकॉकमध्ये तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्याच्या पंधरवडाभर आधी सूर्य मेष राशीत शिरतो, आणि तेव्हाच थायलंड, लाओस, कंबोडिया आणि म्यानमार इथलं पारंपरिक नवं वर्ष लागतं. तमिळनाडू, केरळ, बंगाल, आसाम आणि पंजाबातही वर्षाचा सण याच सुमारास येतो. आपला पाडवा चांद्र तिथीने जातो म्हणून दरवर्षी मागेपुढे होतो. थायलंडचा सोंगक्रान आता १३ ते १५ एप्रिल असा कायमचा बांधलेला आहे. सरकारी वर्षारंभ मात्र दोनदा हलला. राजा चुलालाँगकॉर्न यांनी १८८९ पासून तो १ एप्रिलला आणला आणि पुढे १९४१ पासून तो १ जानेवारीला गेला. त्यासाठी १९४० हे वर्ष तिथे नऊच महिन्यांचं झालं. इतकं होऊनही गावी जायचं, आईवडिलांसमोर बसायचं, देवळात जायचं ते एप्रिलच्या मध्यालाच, हे काही बदललं नाही. खुद्द बँकॉकची स्थापनाही उन्हाळ्यातली आहे. पहिल्या रामा राजाने शहराचा मूळखांब रोवला तो २१ एप्रिल १७८२ या दिवशी. तेव्हा या शहराला वर्षातला एखादा महिना आपला म्हणायचा झाला तर तो एप्रिलच आहे. डिसेंबर हा पाहुण्यांच्या सोयीचा महिना.

याच्यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बँकॉकमध्ये जे पाहण्यासारखं आहे त्यातलं बरंचसं उन्हाला उत्तर म्हणून घडलेलं आहे, आणि प्रश्न अंगाला जाणवल्याशिवाय उत्तराची किंमत कळत नाही. मध्य थायलंडचं जुनं घर घ्या. खांबांवर उचललेलं, उतरत्या छपराचं, मधे मोकळा चौथरा, आणि जमिनीच्या फळ्यांत मुद्दाम ठेवलेल्या फटी. खांब पुरासाठी खरेच, पण घराखालच्या सावलीत गार झालेली हवा त्या फटींतून वर यावी हाही हिशेब त्यात आहे. सेन सेप कालव्याच्या काठी जिम थॉम्पसन या अमेरिकी रेशीम व्यापाऱ्याचं घर आहे. १९५९ मध्ये जुनी सागवानी घरं आणून, जोडून ते उभारलं गेलं. थंडीच्या दिवसांत ते पाहणारा लाकडाच्या कोरीव कामाकडे आणि चिनी मातीच्या भांड्यांकडे बघून पुढे जातो. एप्रिलात, रस्त्यावरून तापून आलेला माणूस त्या छपराखाली उभा राहिला की आधी छप्परच त्याच्या लक्षात येतं. वाट फ्रा केओ या राजवाड्यातल्या देवळाभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतीवर रामकियन, म्हणजे थाई रामकथा, १७८ चित्रांत रंगवलेली आहे. अंगणातल्या सोनेरी चेदींवरून, म्हणजे स्तूपांवरून, परतणारा प्रकाश एप्रिलात डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून माणसं आपोआप ओवरीत शिरतात, आणि शिरली की चित्रं सावकाश पाहतात. देवळाचा परिसर आणि ती ओवरी यांचं नातं त्या वेळी उलगडतं. चाओ फ्राया नदीवरच्या साध्या प्रवासी बोटीचंही हेच. इतर वेळी ती ट्रॅफिक चुकवण्याची सोय असते. एप्रिलातल्या संध्याकाळी शहर पाण्याच्या काठाला का वसलं, याचं कारण त्या बोटीच्या कठड्यापाशी समजतं.

खाण्यातलं उदाहरण तर याहून सरस आहे. खाओ चे नावाचा एक पदार्थ बँकॉकमध्ये फक्त उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत मिळतो. मूळचा तो मोन लोकांचा, सोंगक्रानच्या नैवेद्याचा. पुढे तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेला आणि तिथे त्याला फार नजाकत आली. तांदूळ अर्धवट शिजवायचा, मग पाण्यात हलक्या हाताने चोळून त्यावरचा पिठूळपणा पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा आणि शेवटी वाफवायचा, म्हणजे शीत न् शीत सुटं राहतं आणि पाण्यात घातल्यावर पाणी गढूळ होत नाही. पाणी आदल्या दिवसापासून तयार होत असतं. मातीच्या भांड्यात ते भरतात आणि रात्री मोगऱ्याची फुलं त्यावर तरंगत ठेवतात. मग एक खास सुगंधी मेणबत्ती पेटवून विझवतात आणि तिचा धूर भांड्यावर झाकण घालून आत कोंडतात. असा सुवास धरलेल्या गार पाण्यात तो भात येतो. बाजूला छोट्या छोट्या गोष्टी : कोळंबीच्या कुटाच्या तळलेल्या गोळ्या, सारण भरून अंड्याच्या जाळीत गुंडाळलेली मिरची, गोडसर परतलेला वाळवलेला मुळा, कोरीव कापलेली कच्ची कैरी आणि काकडी. आधी तोंडीलावण्याचा एक घास आणि त्यावर चमचाभर पाणीभात, असा खाण्याचा क्रम आहे. तोंडीलावणं भातात कालवायचं नाही, नाहीतर पाण्यावर तेल येतं आणि रात्रभर केलेली मेहनत वाया जाते. डिसेंबरात हा पदार्थ कुणी करून वाढला तरी त्याचा अर्थ लागणार नाही. माठात मोगऱ्याची फुलं टाकणाऱ्या, चैत्रगौरीला कैरीची डाळ आणि पन्हं देणाऱ्या घरातल्या माणसाला मात्र एप्रिलातल्या दुपारी पहिल्या चमच्यालाच तो समजेल. चैत्रगौरीचे आणि सोंगक्रानचे दिवस बहुतेक वर्षी एकमेकांना लागूनच येतात. दोन्हीकडच्या गृहिणींनी एकाच उन्हाशी, जवळजवळ त्याच वस्तू हाताशी घेऊन, दोन वेगळ्या रीतींनी जमवून घेतलेलं आहे. अशा भेटीसाठी विमानाचा प्रवास करावा असं मला वाटतं. (निव्वळ शाकाहारी माणसाची इथे अडचण होते हे खरं; कोळंबी आणि माशाचं पाणी थाई स्वयंपाकात सगळीकडे असतं. पण आंबा-भात आणि फळं त्याच्यासाठी आहेतच.)

आता सोंगक्रानकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठा आक्षेप तिथेच आहे. जगाला हा सण पाण्याच्या पिचकाऱ्यांचा म्हणून माहीत आहे : खाओ सान आणि सिलोम या रस्त्यांवर हजारो माणसं, प्लॅस्टिकच्या बंदुका, कर्णकर्कश गाणी, दारू. ज्याला शहराचा आत्मा पाहायचाय त्याने या गोंगाटाच्या दिवसांत का जावं, असं कुणी विचारलं तर त्याचं म्हणणं रास्त आहे. पण हा गोंगाट सणाची एक बाजू आहे, आणि ती मोजक्या रस्त्यांवर आहे. बाकीच्या शहरात त्याच सकाळी काय चालतं ते पाहावं. राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारातल्या बुद्धैसावन प्रार्थनामंदिरात एरवी असणारी फ्रा फुत्थ सिहिंग ही बुद्धमूर्ती या दिवसांत मिरवणुकीने बाहेर आणतात आणि लोक रांगेने येऊन तिच्यावर सुवासिक पाणी घालतात. देवळांच्या आवारात वाळूचे छोटे चेदी उभे राहतात आणि त्यांवर रंगीत कागदी निशाणं लागतात; वर्षभर देवळात येता-जाताना आपल्या पायांना लागून जी वाळू बाहेर गेली ती परत आणून द्यायची, अशी त्यामागची भावना. घरात आजी-आजोबा खुर्चीवर बसतात, दोन्ही तळवे जोडून एका रुंद भांड्यावर धरतात, आणि मुलं-नातवंडं गुडघ्यांवर येऊन लहानशा वाटीतून त्या हातांवर पाणी सोडतात. पाण्यात मोगरा आणि गुलाबाच्या पाकळ्या असतात. पाणी ओघळून भांड्यात पडतं आणि वडीलधारं माणूस हलक्या आवाजात आशीर्वाद देतं. कधी ओला हात नातवाच्या डोक्यावरून फिरवतं. १३ एप्रिल हा तिथे ज्येष्ठांचा दिवस आहे आणि १४ कुटुंबाचा. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने सोंगक्रानला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते या सगळ्यासकट. पिचकारीतलं पाणीसुद्धा परकं नाही. वाटीतलंच पाणी रस्त्यावर येऊन उधळलं आहे. गालांना फासतात ती पांढरी मातीही मुळात अंगाला गारवा देणारी, घामोळ्यांवर लावायची.

सिलोमबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आज जिथे सोंगक्रानचे लोंढे भिजतात तिथे एकेकाळी कालवा होता. बँकॉकमध्ये असे कितीतरी कालवे मोटारींसाठी बुजवले गेले आणि त्यांचे रस्ते झाले. पाणी गेलं, डांबर आणि काँक्रीट आलं, वर काचेच्या इमारती आल्या, आणि प्रत्येक इमारतीतला एसी आतली उष्णता बाहेर फेकू लागला. म्हणजे बँकॉकचा आजचा एप्रिल जितका सूर्याने तापवलेला आहे तितकाच माणसांनीही. हे नुसतं वाचून कळत नाही. दुपारी सिलोमवरून चालावं आणि मग एखाद्या शिल्लक राहिलेल्या कालव्याच्या काठाने, झाडांखालून चालावं. फरक कातडीला कळतो. आपल्याकडच्या शहरांनी नद्यांचं आणि ओढ्यांचं जे केलं त्याकडेही मग वेगळ्या नजरेने बघता येतं.

पाण्याच्या नासाडीचा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडून येणं स्वाभाविक आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, क्रिकेटच्या मैदानांवरच्या पाण्याचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. ज्याने ते दिवस पाहिले त्याला भर उन्हाळ्यात रस्त्यावर ओतलं जाणारं पाणी बघवणार नाही. त्याच वर्षी थायलंडमध्येही तीव्र दुष्काळ होता. २०२० च्या कोरड्या मोसमात तर चाओ फ्रायाला वरून पुरेसं पाणी आलं नाही, समुद्राचं खारं पाणी नदीत आत शिरलं आणि बँकॉकच्या नळांना खारट चव आली. त्यामुळे या आक्षेपाला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊही नये. इतकंच म्हणेन की सण वाटीत मावतो. पाहुण्याने दाबाच्या नळ्या आणि टँकर यांच्या गर्दीत भर घालू नये, वाटीच्या बाजूला उभं राहावं. ते सहज शक्य आहे आणि तिथे त्याचं स्वागतही होतं.

उन्हाच्या धोक्याविषयी याहून स्पष्ट बोलायला हवं. २०२३ आणि २०२४ च्या एप्रिलात बँकॉकमध्ये उष्मा निर्देशांक, म्हणजे दमटपणा धरून अंगाला जाणवणारं तापमान, ५० अंशांच्या वर गेला आणि सरकारला इशारे द्यावे लागले. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाबाची औषधं चालू आहेत, ज्यांचं वय फार झालंय किंवा मूल अगदी लहान आहे, त्यांनी माझं ऐकून एप्रिलात जाऊ नये; त्यांच्यासाठी जानेवारीच बरा. धडधाकट माणसासाठी मात्र हा प्रश्न दिवसाच्या आखणीचा आहे. एप्रिलात तिथे सहाच्या सुमारास उजाडतं. भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात, लुंफिनी बागेत म्हातारी माणसं संथ व्यायाम करत असतात आणि तळ्याकाठी हातभर-दोन हात लांब घोरपडी उन्हाला येतात. राजवाडा साडेआठला उघडतो तेव्हा दारात असावं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे तिथे सक्तीचे आहेत, ते सुती असावेत. अकरा वाजता आत यावं, संग्रहालयात किंवा सावलीत, आणि बारा ते चार काहीही ठरवू नये. पाचनंतर नदी, आणि रात्री बाजार. स्थानिक माणूस याच घड्याळाने चालतो. थंडीत आलेला पाहुणा दहाला बाहेर पडतो आणि पाचला परततो, म्हणजे शहराचा उत्तम वेळ दोन्ही टोकांना सोडून देतो. राहता राहिली ती मोटारसायकली, रस्त्यावरच्या शेगड्या आणि बांधकामाचे बांबू यांच्यावर दिवसभर राबणारी माणसं. त्यांना बारा ते चार विश्रांती नाही. आपण सावलीत बसलेले असताना त्यांच्याकडे पाहणं अवघड जातं, आणि जावंच. पण जानेवारीत गेल्याने त्यांचा एप्रिल टळत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड होतो.

मग कुणी म्हणेल, ऊन सोडून उन्हातच कशाला जायचं? परीक्षा संपल्या, शाळांना सुटी लागली की मराठी कुटुंब महाबळेश्वर, मनाली, काश्मीर गाठतं. सुटी गारव्यासाठीच असते. या सवयीचा एक इतिहास आहे. उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचं सरकार महाबळेश्वरला जाई, आणि साहेबाचा तो रिवाज पुढे आपल्या मध्यमवर्गाने उचलला. थायलंडच्या राजघराण्यानेही १९२० च्या दशकात हुआ हिनला समुद्रकाठी उन्हाळी महाल बांधला. गारव्याला जाण्यात काही वाईट नाही. पण उन्हापासून पळणं हा उन्हाशी वागण्याचा एक प्रकार झाला. त्याच्याजवळ राहून त्याचा सण करणं हा दुसरा, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तोच केला. वाळ्याचे पडदे, कोकम सरबत, चैत्रातलं हळदीकुंकू हे सगळं त्यातून आलं. तेच शहाणपण चार तासांच्या विमानप्रवासावर दुसऱ्या एका समाजाने कसं जपलंय हे पाहणं ही सुटी वाया घालवणं नव्हे. युरोपीय पाहुण्याला एप्रिलातलं बँकॉक सोसावं लागतं. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या माणसाला तिथला दमटपणा नवा असेल, ऊन नाही. त्याच्याजवळ या ऋतूची अर्धी समज आधीच आहे, आणि ती वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

शिवाय थंडीचा मोसम वाटतो तितका निर्दोषही राहिलेला नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा साचते आणि बँकॉकमध्ये सूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण वाढतं. काही वर्षी शाळा बंद ठेवाव्या लागल्या आहेत. चियांग मायचं तर मार्चमध्ये नाव काढू नये. शेतातले अवशेष आणि रानं जाळल्यामुळे त्या दिवसांत ते जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांत गणलं जातं. उत्तरेकडे जायचा विचार असेल तर तो वेगळ्या मोसमासाठी ठेवावा. एप्रिलात बँकॉकमध्ये वारा सुटलेला असतो, अधूनमधून संध्याकाळी वळवाची सर येते आणि हवा धुऊन जाते.

शेवटचा आक्षेप असा की सोंगक्रानात बँकॉक बंद असतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे. शहर चालवणारी माणसं, टॅक्सीवाले, खाणावळीवाले, मोलकरणी, कारखान्यांतले कामगार, मोठ्या संख्येने इसानचे, म्हणजे ईशान्येकडच्या कोरडवाहू प्रांतातले आहेत, आणि ती सगळी गावी जातात. गल्लीतल्या गाड्या झाकलेल्या, लहान दुकानांच्या दारावर सुटीच्या चिठ्ठ्या, नेहमी तुंबलेले रस्ते मोकळे. त्या गावी जाण्याचीही किंमत आहे. सरकार या आठवड्याला 'सात धोकादायक दिवस' म्हणतं, कारण अलीकडच्या वर्षांत त्या सात दिवसांत रस्त्यांवर अडीचशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं दगावतात, बहुतेक मोटारसायकलींवरची. म्हणून पाहुण्याने त्या दिवसांत शहराबाहेरचा रस्त्याचा प्रवास ठेवूच नये. रिकामं शहर पाहायला मिळणं हे मात्र मला नुकसान वाटत नाही. कुणाच्या हातांवर हे शहर चालतं ते ती माणसं नसताना जितकं दिसतं तितकं असताना दिसत नाही. गिरणगावातला कामगार गणपती-शिमग्याला कोकणात जायचा तेव्हाची मुंबई ज्यांना आठवते त्यांना हे सांगायला नको.

म्हणून मी तारखा अशा धरेन. ८-९ एप्रिलच्या सुमारास पोहोचावं, शहर भरलेलं असताना. त्या चार दिवसांत पाक क्लोंग तलात हा फुलबाजार रात्री पाहून घ्यावा. थंडीत मोगरा कमी फुलतो आणि महागतो, उन्हाळ्यात त्याचे ढीग लागतात, आणि बायका लांब सुईवर कळ्या ओवून देवाला वाहायच्या माळा इतक्या वेगाने करतात की हात दिसत नाही. १३ ते १५ ला देवळं, वाळूचे चेदी आणि एखाद्या गल्लीतलं पाणी; कुणाच्या घरी बोलावणं आलं तर वाटी घेऊन गुडघ्यांवर बसावं, आणि नाही आलं तर उंबऱ्यातून आत कॅमेरा धरू नये. परतीचं तिकीट मात्र १६ चं काढू नये, २१-२२ चं काढावं. १६ पासून माणसं परतू लागतात. मो चित बस स्थानकावर इसानच्या गाड्या रिकाम्या होतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात गावाकडचं काहीतरी असतं : तांदळाची पिशवी, सुक्या मासळीचं पुडकं, आईने बांधून दिलेली भाजी. दोन दिवसांत गाड्यांवरची झाकणं निघतात, शेगड्या पेटतात, आणि ज्या खाणावळीच्या दारावर चिठ्ठी होती तिथे जेवायला बसता येतं.